बाजंवरचे बारा वेढे

माझं तोंड वाईट हाय, हे आधीच सांगतो. गावात कुणालाबी इचारा. जालिंदर भोयाचा हात सोन्याचा, पण तोंड गटाराचं, असंच म्हणतील. हिरीवरची जळकी मोटार घेऊन कुणी दुकानात आलं की मी आधी त्याची अक्कल काढतो, मग मोटार खोलतो. आमटीत मीठ कमीजास्त झालं की ताट सरकावतो. माझी बायको सिंधू म्हणती, तुमी मेल्यावर खांदा द्यायलाबी लोकं इचार करतील. करंनात. पण जन्मात एकदाच गप बसलो, आन् तेच लई महागात पडलं.

आमचं गाव कडा ह्या बाजारगावाच्या पलीकडं, तलावाच्या काठाला. आमी भोई. नदी आडवली तवापासून नदीतली जाळी तलावात टाकाया लागलो. मच्छीमार सोसायटी झाली, मोहनराव चेरमन झाले. सोसायटीला लोखंडी पत्र्याची नाव मिळाली, चौदा फुटी, आन् तिला डिझेलचं इंजिन. तवर आमी थर्माकोलच्या चप्पूवर, म्हंजी तराफ्यावर, न्हाईतर गुळाच्या काहिलीत बसून फिरायचो, म्हणून नाव आली त्या दिवशी आख्खी आळी काठावर लोटली. नाव चालवायला दिली माझ्या थोरल्या भावाकडं, आश्रुबाकडं. नावंला पहिलं कुंकू लावलं त्याच्या बायकोनं, तुळजावैनीनं.

अठ्ठ्याण्णव सालच्या भादव्यात पाऊस हटंना. सांडवा धो धो चालला व्हता. मधल्या डोहात सोसायटीची जाळी अडकली, ती सोडवाया आश्रुबा सकाळीच नाव घेऊन गेला. एकटाच गेला, कारण त्याचा जोडीदार ज्ञानोबा तापानं फणफणला व्हता. दुपार झाली, दिवस कलला, न आश्रुबा आला न नाव. दोन दिवस आमी गळ टाकून पाणी ढवळलं. वल्हंसुदिक घावलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी मोहनराव काठावर उभं राहून म्हणाले, "नाव बुडाली तर डिझेलचा डबा तरी वर येतो. पलीकडच्या काठाला टेम्पोच्या चाकाचा माग हाय. तिथून नगरचा रस्ता धा मिनटांवर. आता काय समजायचं ते समजा."

आदल्याच आठवड्यात तलावाचा ठेका बाहेरच्याला द्यायवरून आश्रुबाचं आन् त्यांचं वाजलं व्हतं. गावानं समजायचं ते समजून घेतलं. आश्रुबा इंजिनासकट नाव घेऊन पळाला. पुढच्या बैठकीत मलाबी सोसायटीतून काढलं. चोराच्या घरात जाळं कावून ठेवायचं, म्हणले. मी कड्याला जाऊन मोटारी भरायला शिकलो. जळलेली तार काढायची, नवी तांब्याची तार मापात गुंडाळायची. पाण्यात जन्म काढायचा त्यो माणूस मी, पाणी उपसायच्या मोटारींवर पोट भरू लागलो.

तुळजावैनीनं कुंकू पुसलं न्हाई. बाया सांगाया आल्या, तर वैनी म्हणाल्या, "गाव म्हणतंय पळाले. पळालेला माणूस जिता असतो. मग मी कावून पुसू?" बाया उठून गेल्या. गावानं भावाला चोर केलं, आन् त्याच चोरीनं वैनीचं कुंकू राखलं. ही गोष्ट माझ्या टाळक्यात शिरायला पंधरा वर्सं लागली.

दोन-तीन वर्सांनी कुणीतरी सांगायचं, आश्रुबा दिसला. मासळीचे व्यापारी बबनराव एकदा म्हणाले, उजनीवर बघितला, दाढी वाढवलीय. मी वैनीला घेऊन भिगवणला गेलो. तीन दिवस काठाकाठानं पालं धुंडाळली. एक जण पाठमोरा जाळं झटकत व्हता, खांदे अगदी आश्रुबाचे. वैनी जागीच थांबल्या. त्यानं वळून बघितलं तर दुसराच. वैनी त्याला म्हणाल्या, "बाबा, जाळ्याची गाठ सुटलीया, बघ." आन् माघारी वळल्या. येताना एस्टीत मी डायव्हरशी, कंडक्टरशी, सगळ्यांशी भांडलो. दुसरं काय करणार व्हतो.

तेरा सालच्या उन्हाळ्यात तलाव आटला. तसा दुष्काळ मी बघितला न्हवता. हिरी कोरड्या, बोअर कोरडं, मग मोटारी जळणार कशा. दुकानात माशी न्हाई. सिंधू दोन गाया घेऊन चारा छावणीवर ऱ्हायला गेली, घरी मी आन् वैनी. तलावाच्या तळात पोकलेन लागलं, शेतकरी गाळ वाहू लागले. पाणी राहिलं ते निस्तं मधल्या डोहात, छातीएवढं. खाली पंधरा वर्सांचा गाळ.

एक दिवस त्या डोहाकडं बघत बसलो आन् डोस्कं फिरलं. नाव असंल तर हितंच असणार. लोखंडाची हाय. माझ्याकडं तांब्याची तार हाय, बॅटरी हाय, येळ तर बक्कळ हाय.

नगरच्या एका दुकानदारानं लोखंड हुडकायच्या यंत्राच्या बोर्डाचा नकाशा काढून दिला. हिशेब सोपा व्हता. तारंच्या वेढ्याला बॅटरीचा एक दणका द्यायचा, लगेच तोडायचा, आन् कान लावून बसायचं. खाली धातू असंल तर त्यो जरा येळ घुमत राहतो, देवळातली घंटा हात काढल्यावरबी घुमती तसं. ते घुमणं पकडून भोंग्यातून बाहेर काढायचं. सांगाया सोपं, पण सात बोर्ड जाळले मी, आन् सात येळा दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या.

आठव्याला यंत्र बोललं. पहिली कॉईल, म्हंजी तारंचा वेढा, ताटाएवढी केली. ती लई तिखट कानाची निघाली. ओसरीत फरशीवर ठेवली की आपली गप असायची, पण वैनी चहा घेऊन आल्या की किंचाळायची. मला कळंना. बोर्ड तपासला, तार तपासली. मग ध्यानात आलं, वैनीच्या पायातली जोडवी. चांदीची, चांगली जाड, लग्नातली.

"वैनी, लांबून. तुमच्या जोडव्यानं माझं यंत्र येडं होतंय."

"माझी जोडवी पंधरा वर्सं गप हायेत, भावजी. तुमचं यंत्रच तोंडाळ. मालकावर गेलंय."

मग त्या चहा उंबऱ्यापाशी ठेवून फुकणीनं पुढं सरकवायला लागल्या. फुकणी लोखंडाची, यंत्र पुन्हा बोंबललं. शेवटी तुरीची काटकी शोधली. रोज सकाळी कप काटकीनं ढकलत माझ्यापतुर यायचा, आन् अर्धा चहा बशीत सांडायचा. मी कुरकुर करायचो, त्या हसायच्या. त्या घरात लई दिवसांनी कुणी हसलं व्हतं.

पण ही कॉईल दोन फुटांखाली बहिरी. करून बघून एक कळलं, कॉईल मोठी तेवढी खोल ऐकू येतं. मात्र मोठीला बारकं ऐकू येत न्हाई. तिला जोडवी ऐकू यायची न्हाईत, नाव ऐकू यायची. मोठ्या वेढ्याला मोठी चौकट पायजे, आन् तिच्यात एक खिळासुदिक नको. बांबूची केली, ती उन्हानं वाकली. मग माझी नजर भिंतीला टेकवलेल्या बाजंवर गेली.

ती आश्रुबाची बाज. बाभळीची, त्यानं हातानं केलेली, लाकडाच्या खुंट्या मारून. खिळा म्हणून न्हाई. त्यो गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं न्हवतं. दर दिवाळीला वैनी तिचं सुंभ ताणून बांधायच्या आन् परत भिंतीला टेकवायच्या.

वैनी पीठ मळत व्हत्या. मी म्हणालो, "वैनी, ती बाज पायजे. तार गुंडाळून डोहात फिरवायचीय. आश्रुबाची नाव हुडकतो."

मला वाटलं वैनीला हरिख हुईल. मी बोलतच सुटलो, "एकदा नाव सापडू द्या. आश्रुबा चोर न्हवता हे मोहनरावाच्या तोंडावर नेऊन मारतो. गाव तोंडात शेण घालून बसंल."

वैनीचा हात थांबला न्हाई. खालमानेनं म्हणाल्या, "आन् नाव तिथं सापडली तर ते कुठं असतील, भावजी?"

देवाशपथ सांगतो, हा इचार मी केलाच न्हवता. पंधरा वर्सं एकच शब्द चघळत बसलो व्हतो, चोर. त्याच्या पल्याड डोस्कं गेलंच न्हवतं.

"चोर तर चोर," वैनी म्हणाल्या. "जिते हायेत. कुठंतरी भाकर खात असतील."

माझं टाळकं सटकलं. बोलू नये ते बोललो. "दुसरी करून बसला असंल त्यो, आन् तुमी हितं जोडवी मिरवा."

"करूंद्या. जेवाया तर घालत असंल."

मी तणतणत बाहेर गेलो. दिवस मावळताना आलो तर बाज अंगणात आडवी, पुसून काढलेली. सुंभ सोडून एका बाजूला गुंडाळून ठेवलेलं.

"न्या," वैनी म्हणाल्या. "तिथं न्हाईत ते. एकदा हुडकून झालं की तुमचाबी जीव थंड हुईल. पर काम झालं की तार सोडून माझी बाज मला परत द्यायची. ते आले तर कशावर निजतील?"

दुसऱ्या दिवशी तार गुंडाळली. ढिली पडली तर यंत्र खोटं बोलतं, म्हणून एका बाजूला मी वेढा द्यायचो आन् दुसऱ्या बाजूला वैनी ताणून धरायच्या. बारा वेढे. वैनीनं मोजले, मोठ्यानं.

ज्ञानोबाला संगट घेतलं. साठी उलटलेला, पण पाण्यात अजून मासाच. बाज थर्माकोलवर बांधली, वरून तारंला डांबर फासलं. आमचा चप्पू पुढं, त्यावर बॅटरी आन् भोंगा, आन् पंधरा फूट मागं काथ्याच्या दोरीला बाज. ज्ञानोबा वल्हं मारायचा, मी ऐकायचो. ह्या काठापासून त्या काठापतुर, मग दोन हात सरकून माघारी, नांगरटीसारखं.

पहिल्या दिवशी काई न्हाई. दुसऱ्या दिवशी उथळ कडंला भोंगा वाजला. ज्ञानोबानं उडी मारली, हातभर उकरलं, तर गुळाची गंजकी काहील. त्या रात्री जेवताना मी ज्ञानोबाला, काहिलीला, सरकारला, सगळ्यांना शिव्या घातल्या. आमटी खारट म्हणून ताट सरकावलं. वैनीनं ताट गुमान पुन्हा पुढं केलं आन् त्यांचा चेहरा खुलला व्हता. मी शिव्या देतोय म्हंजी डोहात काई न्हाई, हे त्यांना पक्कं कळत व्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्याला, डोहाच्या बरोबर मधी, भोंगा बोलला.

काहिलीसारखा न्हाई. खालच्या सुरात, जाड, लांबलचक. ज्ञानोबानं वल्हं थांबवलं. मी म्हणालो, हळू चल. बाज पुढं सरकत व्हती पण आवाज तुटंना. दोरीवर हातानं माप घेतलं. चौदा फूट. एका टोकाला आवाज आणखी जाड झाला, इंजिनाच्या टोकाला. मग एकदम बंद. माघारी फिरलो, पुन्हा तेच. चौदा फूट.

नाव हाय म्हंजी आश्रुबाबी हाय. जाळं वढताना त्यो जाळ्याचा दोर कमरंला बांधायचा. मी किती येळा त्यावरून बोललो असंल त्याला. जाळं कशात तरी अडकलं असणार, नाव पालथी झाली असणार, आन् दोर काई सुटला नसणार. माझा भाऊ पंधरा वर्सं माझ्या पायाखाली पडला व्हता, आन् मी त्याला भिगवणला हुडकत व्हतो.

"मला ताप नसता त्या दिवशी," ज्ञानोबा एवढंच बोलला. मग म्हणाला, "बंद कर बे त्ये."

मी बटण बंद केलं. काठाकडं बघितलं. वैनी भाकरीचं गठुडं घेऊन उभ्या व्हत्या, नेहमीसारख्या. ऊन मी म्हणत व्हतं. एवढ्या लांबून तोंड दिसत न्हवतं, पण कपाळावरचं कुंकू दिसत व्हतं.

"काय करायचं?" मी इचारलं.

"भाऊ तुझा हाय. तू सांग."

पंधरा वर्सं ह्याच घटकंची वाट बघितली व्हती मी. निस्ती हाळी द्यायची व्हती. पोकलेन दोनशे हातांवर व्हतं. सांजपतुर मोहनराव, सोसायटी, सगळं गाव काठावर असतं. आश्रुबा चोर न्हवता. तोंडाशी आलं व्हतं. पण मग ती काटकीनं ढकललेली चहाची बशी डोळ्यांपुढं आली.

"ज्ञानोबा," मी म्हणालो, "हितं काई न्हाई."

त्यानं वल्हं उचललं. "मलाबी काई ऐकू आलं न्हाई," म्हणाला.

भोंगा बंद ठेवूनच दोन फेऱ्या आणखी मारल्या, दाखवायपुरत्या. काठाला आलो.

"न्हाई वैनी. सगळा डोह झाला. तुमचंच खरं, तिथं न्हाईत ते."

"बरं," वैनी म्हणाल्या.

बाज घरी आणली, तारंसकट अंगणात ठेवली. संध्याकाळी जेवाया बसलो. भाकर मोडली, आमटी वरपली, पाणी पिलो, उठलो. चव कशाची घेतो. भावाला गाळात सोडून आलो व्हतो, आन् वर चोर म्हणून सोडून आलो व्हतो. तरी वाटत व्हतं, एक माणूस तर सुखात राहील ह्या घरात. माझ्यावाणी आडदांडाच्या हातून एक तरी चांगलं काम झालं. खरं सांगतो, मनातल्या मनात मला माझंच कौतुक वाटलं.

सकाळी उठून लहान कॉईल काढली. पोकलेनचा एक दात गाळात पडला व्हता, ठेकेदार हुडकून दे म्हणून मागं लागला व्हता. म्हणलं तेवढंच काम. ओसरीत फरशीवर कॉईल ठेवली, यंत्र चालू केलं, बोर्डाचा एक स्क्रू बघत बसलो.

चहाचा कप माझ्या गुडघ्यापाशी आला.

काटकीनं न्हाई. हातानं ठेवला. वैनी कॉईलच्या अगदी कडंला उभ्या व्हत्या आन् यंत्र गप व्हतं.

मला वाटलं बॅटरी उतरली. पाना उचलला, कॉईलजवळ नेला. यंत्र किंचाळलं. पाना बाजूला केला. गप झालं. वैनीचे पाय तिथंच, कॉईलपासून वीतभर.

मी खाली बघितलं. दोन्ही पायांच्या बोटांवर पांढरे वळ व्हते, जोडव्यांच्या जागी. वर बघायची मला छाती झाली न्हाई.

"वैनी, हे काय केलं? मी सांगितलं की, तिथं न्हाईत—"

"काल चप्पू डोहाच्या मधी लई येळ थांबला," वैनी म्हणाल्या. आवाज साधाच व्हता, रोजचा. "मला शंका आली. म्हणून आमटीत मीठ घातलं न्हाई."

मी पाना खाली ठेवला.

"चिमूटभरसुदिक घातलं न्हवतं, भावजी. डोह रिकामा असता तर तुमी ताट अंगणात भिरकावलं असतं. तुमी गप जेवलात. वाटीसुदिक पुसून खाल्लीत."

आता मला रडू फुटलं. पन्नाशीच्या बाप्यानं रडावं तसं न्हाई, लेकरावाणी. चुकलं म्हणालो. तुमच्यासाठी केलं म्हणालो. वैनी खाली बसल्या, पहिल्यांदाच यंत्राच्या इतक्या जवळ.

"तुमी माझ्यासाठी केलं, कळतंय मला. पर ते तिथं गाळात हायेत, आन् मी हितं त्यांच्या नावानं नटून बसू? लोकं त्यांना चोर म्हणत राहतील, आन् मला सगळं ठावं असून मी ऐकत राहू? आजवर ठावं न्हवतं, तवर चाललं."

मग त्यांनी डोळ्याला पदर लावला. चहा गार झाला.

शेवटी त्याच उठल्या. अंगणात गेल्या. बाजंपाशी उभ्या राहिल्या आन् तारंवरून हात फिरवला.

"पोकलेनवाल्याला सांगून या. आन् आल्यावर ही तार सोडा, सुंभ बांधायला येळ लागंल मला."

"आज कशाला बाज, वैनी?"

"त्यांना घरी कशावर आणणार मग?" वैनी म्हणाल्या.

मी ठेकेदाराला सांगून आलो. मग बाजंच्या एका बाजूला मी बसलो, दुसऱ्या बाजूला वैनी, आन् आमी तार सोडाया लागलो. बारा वेढे व्हते. ह्या येळी कुणी मोजले न्हाईत.